लोहारा ते लोहारा

पिंपळे गुरवमध्ये कुठे बोअर घ्यायची असली की गाडी रात्रभर घरघरते आणि सकाळी गल्लीवर राखाडी भुकटीचा थर बसलेला दिसतो. दोनशे फूट जा की तीनशे फूट, वर येतो तो काळ्या कातळाचाच चुरा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा दख्खनचा पाषाण तयार झाला. आमच्या राजमाता जिजाऊ उद्यानाला पोरं डायनासोर गार्डन म्हणतात. तिथे ज्या प्राण्यांचे पुतळे उभे आहेत, ते खरे प्राणी पृथ्वीवरून नाहीसे झाले तेही याच कातळाच्या घडणीच्या काळात. या दगडात लोखंड अजिबात नाही असं नाही. वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं ते असतं, पण इतर द्रव्यांशी इतकं घट्ट बांधलेलं की ते सोडवून घेणं कुणालाच परवडत नाही.

पवना ओलांडली की दापोडी, कासारवाडी, पुढे भोसरी, पिंपरी, चिंचवड, आणखी वर चाकण. रोज किती पोलाद इथे कापलं, ठोकलं, वाकवलं आणि रंगवलं जातं! लेथखाली लोखंडाच्या किसाचे ढीग साचतात. पण या साऱ्या पट्ट्याच्या पोटात खनिजाचा एक खडा नाही. इथलं पोलाद नेहमी दुरून आलेलं आहे, आणि ते पहिल्यांदा शोधायला माणसं निघाली ती महाराष्ट्रातल्याच एका जंगलात. भारतीय पोलादाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण साकचीपासून, म्हणजे जमशेदपूरपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती चांदा जिल्ह्यातल्या लोहारा नावाच्या गावापासून सुरू करायला हवी. तिथे हाती काही लागलं नाही, तरीही.

आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा मुलूख तेव्हा चांदा या एकाच जिल्ह्यात होता. त्याच्या पूर्व भागात दाट जंगल, आणि जंगलात लोहखनिजाच्या टेकड्या. लोहारा, पिंपळगाव, देवलगाव, गुंजेवाही अशा गावांची नावं भूगर्भखात्याच्या जुन्या कागदांत आढळतात. लोहारा हे नाव काय सांगतं ते वेगळं समजावायला नको. इथले लोहार पिढ्यानपिढ्या मातीच्या छोट्या भट्ट्यांत लाकडी कोळसा आणि खनिज थरांनी भरत, कातड्याच्या भात्याने वारा घालत आणि तळाशी जमलेला लोखंडाचा गोळा ठोकून ठोकून त्याची मळी काढत. त्यातून नांगराचे फाळ, कुऱ्हाडी आणि विळे होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगलं राखीव केली, कोळसा पाडणं महाग झालं. त्यातच आगगाडी आली आणि तिच्याबरोबर विलायती लोखंडाच्या पट्ट्या बाजारात आल्या. दोन्हींच्या मध्ये भट्ट्या विझत गेल्या.

1882 मध्ये रिटर फॉन श्वार्त्स या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोखंड काढणं आर्थिकदृष्ट्या जमेल का, यावर एक अहवाल लिहिला. लोहाऱ्याची टेकडी त्याला फार समृद्ध वाटली. शिवाय वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण चालू होती. खनिज आणि कोळसा एकाच जिल्ह्यात, असा योग. हा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. ते तेव्हा 43 वर्षांचे होते. नागपूरची त्यांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली होती, त्यामुळे हा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. पोलादाचा कारखाना काढण्याचा विचार त्यांच्या मनात त्या अहवालाने पक्का रुजवला.

पण नुसतं लोखंडाचं खनिज असून भागत नाही. खनिजातला प्राणवायू काढून टाकायला आणि भट्टी तापवायला कोक लागतो, आणि कोक होतो तो ठरावीक जातीच्या कोळशाचाच. तो भाजल्यावर फुगून, चिकटून, मग कडक होतो आणि भट्टीतल्या दगडांचा भार पेलतो. मळी वाहून न्यायला चुनखडी लागते. थंड करायला अखंड पाणी लागतं. आणि हे सगळं एका जागी आणायला रेल्वे लागते. यातलं एक जरी फार लांब राहिलं तरी पोलादाचा भाव विलायती पोलादाच्या वर जातो. वरोऱ्याच्या कोळशाच्या चाचण्या झाल्या आणि तो या कामाचा नाही असं ठरलं. त्यात सरकारचे खाणपरवान्याचे नियम इतके जाचक होते की पैसा घालणाऱ्याला कसलीच शाश्वती नव्हती. जमशेटजींनी विचार बाजूला ठेवला, सोडला मात्र नाही. पुढची 17 वर्षं ते खनिजांविषयीची कात्रणं आणि टिपणं जमवत राहिले.

1899 मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. मेजर मेहॉन या अधिकाऱ्याने भारतात पोलादाचा धंदा उभा राहू शकतो असा अहवाल दिला, आणि लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने परवान्याचे नियम सैल केले. 1900 मध्ये जमशेटजी लंडनला भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले आणि 1902 मध्ये, साठीच्या उंबरठ्यापलीकडे, अमेरिकेला गेले. पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याचं नाव सुचवलं. आधी भूगर्भ नीट तपासा, मग कारखान्याचा विचार करा, हा केनेडी यांचा सल्ला होता. पेरिन यांनी पुढे पाठवला तो सी. एम. वेल्ड हा भूगर्भतज्ज्ञ.

इथे थोडं उत्तरेकडे पाहायला हवं. त्याच वर्षांत, ध्रुववृत्ताच्याही दीडशे किलोमीटर पलीकडे, स्वीडनच्या टोकाला किरुना नावाचं गाव वसत होतं. तिथल्या दोन डोंगरांत लोखंड आहे हे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कागदोपत्री नोंदलेलं होतं. रेनडियर घेऊन त्या डोंगरांवरून फिरणाऱ्या सामी लोकांना तर ते ठाऊक होतंच. पण हिवाळ्यात सूर्य उगवत नाही अशा जागी, रस्ता नसताना, ते खनिज कोण उचलणार? शिवाय त्यात फॉस्फरस फार, त्यामुळे पोलाद ठिसूळ व्हायचं. 1878 च्या सुमाराला थॉमस आणि गिलख्रिस्ट या दोघा इंग्रजांनी फॉस्फरस काढायची रीत शोधली आणि टाकाऊ डोंगराला एकदम मोल आलं. 1890 मध्ये कंपनी निघाली. ह्यालमार लुंडबोम हे सरकारी भूगर्भखात्यातले गृहस्थ तिथे तपासणीला आले आणि पुढे गावाचे कारभारी होऊन राहिले. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या नार्विक बंदरापर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि 14 जुलै 1903 ला राजा ऑस्कर दुसरा याने त्याचं रीतसर उद्घाटन केलं. म्हणजे बर्फातल्या त्या डोंगराला आगगाडी मिळाली त्या सुमाराला चांद्याच्या जंगलात वेल्ड आणि टाटांची माणसं बैलगाडीने फिरत होती. डोंगर इथेही होता आणि तिथेही. तिथे रेल्वे पोहोचली आणि रीत सापडली, म्हणून डोंगराची खाण झाली.

वेल्ड यांच्याबरोबर जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला होते. हे सकलातवाला पुढे विलायतेत गेले, कम्युनिस्ट झाले आणि 1922 मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. पण त्या वेळी ते मामाच्या कामासाठी चांद्याच्या रानात ताप आणि डास सोसत होते. मुक्काम तंबूत, प्रवास बैलगाडीचा, वाघाचा वावर नित्याचा. पिण्याजोगं पाणी इतकं दुर्मीळ की सोड्याच्या बाटल्या फोडून त्यात चहा करायची वेळ आली, अशी आठवण त्या मोहिमेची सांगतात. हे वाचताना मला चांद्याचा मे महिना आठवतो. चंद्रपूरच्या बाजूला ज्यांनी उन्हाळा काढला आहे, त्यांना हे अतिशयोक्तीचं वाटणार नाही.

निकाल वाईट लागला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम, अगदी श्वार्त्स यांनी लिहिलं तसं. पण साठा तुटक, एकेका टेकडीपुरता. पिढ्यान्‌पिढ्या नांगराचे फाळ करायला तो भरपूर होता, पण वर्षाला लाखभर टन पोलाद करणाऱ्या भट्टीला पुरणारा नव्हता. पिंपळगावची तीच गत. कोळशाचा प्रश्न तर तसाच होता. 21 वर्षं मनात जपलेली जागा वेल्ड यांनी काट मारून यादीतून काढली. मला या माणसाचा आदर वाटतो तो इथे. ज्याने पैसे देऊन बोलावलं, त्याच्या तोंडावर इथे काही नाही असं सांगणं हे भूगर्भतज्ज्ञाचं सगळ्यात अवघड काम. वेल्ड परत अमेरिकेला जायच्या बेतात होते.

दोराबजी नागपूरला गेले. मध्य प्रांताच्या सरकारने या शोधाला मदत केली होती, तेव्हा आता काम थांबवतो आहोत हे वरिष्ठ अधिकारी बेंजामिन रॉबर्टसन यांना सांगणं भाग होतं. साहेब कचेरीत नव्हते. थांबायचं म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर त्याला आजही अजब बंगला म्हणतात. 1863 पासूनची ही संस्था. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता. त्यावर नागपूरच्या पूर्वेला, रायपूरच्या बाजूच्या डोंगरांवर, लोहखनिजाच्या खुणेचा गडद रंग दिसत होता. आज तो भाग छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात येतो. दोराबजींनी तो नकाशा वेल्ड यांना दाखवला, आणि परतीचा बेत रद्द झाला.

तो रंग भरला होता प्रमथनाथ बोस यांच्या कामाने. बंगालमधल्या गायपूरचा 1855 चा जन्म, विलायतेत शिक्षण, 1880 मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरी. 1887 मध्ये खात्याच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला होता. विषय होता रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातला लोखंडाचा धंदा. विषयाचं नाव नीट वाचलं पाहिजे. बोस नुसते खडक हातोडीने फोडत फिरत नव्हते. लोखंड कोण गाळतं, कुठे गाळतं, हे ते लिहून ठेवत होते. भट्टीपर्यंत पोहोचलं की भट्टीवाला खनिज कुठून आणतो तेही कळतं. ढल्ली आणि राजहरा हे डोंगर ज्या जमीनदारीत येत, तिचं नाव डौंडी-लोहारा. चांद्याच्या लोहाऱ्यात निराश झालेली माणसं पूर्वेकडच्या दुसऱ्या लोहाऱ्याकडे वळली. या योगायोगाकडे कुणी फारसं लक्ष दिल्याचं मला दिसलेलं नाही. पण मला तो योगायोग वाटतच नाही. लोखंड जिथे होतं तिथे लोहार होते, आणि लोहार होते म्हणून गावाला ते नाव होतं. म्हणजे नकाशाच्या आधीही माहिती होतीच, ती गावाच्या नावात होती.

वेल्ड आणि सकलातवाला ढल्ली-राजहराच्या डोंगरावर चढले तेव्हा पावलाखालचा दगड धातूसारखा वाजत होता, असं वर्णन आहे. शंभर भागांत साठाहून जास्त लोखंड असलेलं ते खनिज. हवं होतं ते सापडलं होतं, आणि तरीही कारखाना तिथे झाला नाही. कोक होण्याजोगा कोळसा झरियाला, तिथून ढल्ली फार लांब, आणि एवढी वाहतूक हिशेबात बसेना.

तोवर बोस यांच्या आयुष्यातही वळण आलं होतं. ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून थॉमस हॉलंड या कनिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याला वर नेमलं गेलं. 1903 मध्ये बोस यांनी निवृत्ती पत्करली आणि मयूरभंज संस्थानात भूगर्भतज्ज्ञ म्हणून गेले. तिथे त्यांनी गोरुमहिसाणीचा डोंगर तपासला. 24 फेब्रुवारी 1904 ला त्यांनी जमशेटजींना पत्र लिहिलं. मयूरभंजात लोहखनिज आहे आणि झरियाचा कोळसा तिथून जवळ आहे, हा त्याचा मतलब. या एका पत्राने भारतातल्या पोलादाची जागा ठरली. ज्याला सरकारने वरची खुर्ची नाकारली, त्यानेच ती ठरवली. जमशेटजींना निकाल मात्र पाहायला मिळाला नाही. त्याच वर्षी 19 मे ला जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. 26 ऑगस्ट 1907 ला कंपनीची नोंदणी झाली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा मुंबईत स्वदेशीच्या भरात भाग विक्रीला काढले, आणि तीन आठवड्यांत सुमारे 8000 भारतीयांनी ते सगळे घेतले. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ साकची हे गाव निवडलं गेलं. डिसेंबर 1911 मध्ये पहिलं लोखंड आणि फेब्रुवारी 1912 मध्ये पहिलं पोलाद बाहेर आलं. श्वार्त्स यांच्या अहवालापासून मोजलं तर 30 वर्षं झाली. ढल्ली-राजहरा वाया गेला नाही. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तिला खनिज पुरवलं त्याच डोंगरांनी. बोस यांच्या निबंधाला तेव्हा 72 वर्षं झाली होती आणि बोस जाऊन 25.

या धाग्याचं एक टोक आमच्यापर्यंत येतं. 1945 मध्ये जमशेदपूरला सुरू झालेल्या टाटांच्याच टेल्को या कंपनीने साठच्या दशकाच्या मध्यावर पिंपरी-चिंचवडच्या माळावर दुसरा कारखाना उभारायला घेतला. तो घडवला सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याने. उजाड माळावर आधी झाडं लावली, तळं केलं, प्रशिक्षण विभाग आणि टूलरूम उभारली, आणि गाड्या नंतर. दुसरं टोक उत्तरेकडून येतं. पिंपळे गुरवमधून पूल ओलांडून दापोडीला गेलं की मुंबई-पुणे रस्त्यालगत स्वीडिश कंपन्यांची मोठी रांग होती. खडक फोडायच्या यंत्रांची एक, त्या यंत्रांच्या टोकाला लागणाऱ्या कठीण कार्बाइडची दुसरी. एका आवाराचं नाव तर स्वेआनगर. स्वेआ म्हणजे स्वीडनचं लाडाचं नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर हलकं ड्रिल आणि कार्बाइडचं टोक यांची जोडी जुळवून स्वीडनने खाणकामाची स्वतःची पद्धत जगाला दिली. ध्रुववृत्तापलीकडच्या डोंगरांनी ज्या देशाला खडक फोडायला शिकवलं, त्याची विद्या आमच्या नदीकाठी येऊन बसली आणि इथल्या शेकडो घरांची चूल तिच्यावर चालली. रोज त्या फाटकातून आत जाणाऱ्या किती जणांनी किरुनाचं नाव ऐकलं असेल?

किरुना आजही खोदत आहे. खाण इतकी खोल आणि गावाखाली इतकी तिरपी गेली की जमीन खचू लागली आणि गावच पूर्वेकडे हलवावं लागत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये तिथलं 1912 चं लाकडी चर्च जसंच्या तसं चाकांच्या गाड्यावर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. जानेवारी 2023 मध्ये त्याच परिसरात दुर्मीळ मृदा खनिजांचा दहा लाख टनांहून मोठा साठा असल्याचं कंपनीने जाहीर केलं. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटरमधल्या चुंबकाला जी लागतात, तीच ही खनिजं. रेनडियरच्या चरणभूमीचं काय होणार, हा सामींचा प्रश्न तिथे उभा आहेच.

आणि चांदा? गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला. टाटांच्या कंपनीची नोंदणी झाली त्याच तारखेला, 75 वर्षांनी. त्या जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे डोंगर आहेत. लोहाऱ्यात जो प्रचंड साठा मिळाला नाही, तो जुन्या चांदा जिल्ह्यातच, आणखी आत, इंद्रावतीच्या बाजूला होता. 2007 मध्ये 348 हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. 2016 मध्ये उत्खनन सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथल्या सत्तराहून जास्त गाड्या जाळल्या. 2021 पासून काम पुन्हा जोरात सुरू आहे आणि कोनसरीला लोहप्रकल्प उभा राहिला आहे. त्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकुरदेव आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते.

चांद्याच्या शोधाचे मी जेवढे वृत्तांत वाचले, त्यांत श्वार्त्स, वेल्ड, पेरिन, बोस, दोराबजी ही नावं आहेत. लोहाऱ्यात टेकडीची वाट कुणी दाखवली, डौंडी-लोहाऱ्यात बोस यांना आपल्या भट्टीपाशी कुणी बसवून घेतलं, बैलगाडी कुणी हाकली, यांतलं एकही नाव मला मिळालं नाही. सुरजागडच्या वाटाड्यांची, तिथे भट्ट्या चालवलेल्या घराण्यांची आणि ठाकुरदेवाच्या पुजाऱ्यांची माहिती सांगणारी म्हातारी माणसं आज हयात आहेत. गडचिरोलीत शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि नोकरीवर असणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती की ती नावं आताच लिहून घ्या.